वाचन होतं, प्रार्थना होते, पण वचन दिवसभर टिकत नाही. नेमकं काय बदलू?

मोहरीचा दाणा (प्रश्न)

जय ख्रिस्त सगळ्यांना.

वर्षभरात संपूर्ण बायबल वाचायचा तक्ता घेतलाय. रोज तीन-चार अध्याय आणि त्यानंतर दहा मिनिटं प्रार्थना. चौकटीत खुणा वेळच्या वेळी पडतात, अडचण ती नाही. अडचण अशी की दुपारी कुणी विचारलं, ‘सकाळी काय वाचलंस?’, तर ग्रंथाचं नाव सांगता येतं, पुढचं नाही. प्रार्थनेत तीच नावं त्याच क्रमाने येतात. आणि जिभेवर ताबा हा विषय तर सोडाच. याकोबाच्या पत्राचा जिभेबद्दलचा तिसरा अध्याय जवळपास पाठ आहे, तरी वादात तोंडातून जायचं ते जातंच.

म्हणून तीन प्रश्न. किती वाचावं? वाचलेलं प्रार्थनेत कसं आणायचं? आणि शिकवण वागण्यात उतरवायची म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? ‘आत्म्याने चाला’, ‘विश्वास वाढवा’ ही उत्तरं बरोबरच आहेत, पण मला पायऱ्या हव्या आहेत.

---

बिरुयाकर

तक्त्यात दोष नाही. एकाच वाचनाकडून तुम्ही दोन कामं करून घेताय, घोळ तिथे आहे.

प्रॉटेस्टंट बायबलात ६६ ग्रंथ आणि १,१८९ अध्याय आहेत. ३६५ने भागलं की रोज सव्वातीन अध्याय येतात. या वेगाने सलग धागा कळतो: कोण कुणाच्या आधी झालं, कुठलं वचन कुठल्या प्रसंगातलं, संदेष्टे कुणाशी बोलत होते. ते ज्ञान लागतंच. पण प्रार्थनेसाठी याच्या दहाव्या हिश्शाएवढा मजकूर पुरतो, आणि तो पुन्हा पुन्हा वाचायचा असतो.

रोज अर्धाच तास मिळत असेल तर पसारा कमी करा. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्याचे पाच दिवस रोज एक अध्याय घेतला की बरोबर ५२ आठवडे होतात, आणि राहिलेलं भरून काढायला दर आठवड्याला दोन दिवस हातात राहतात. बहुतेक तक्ते मोडतात ते याच जागेवर. एक दिवस बुडाला की दुसऱ्या दिवशी सात अध्याय मानगुटीवर बसतात आणि तिसऱ्या दिवशी माणूस तक्ताच मिटवतो.

त्या एका अध्यायातली पाच ते आठ वचनं थांबून वाचायला निवडा. निवडताना अध्यायाच्या रेघेवर विसंबू नका. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँगटन यांनी घातले आणि नव्या करारातले वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली. प्रेषित पौलाने मंडळ्यांना पत्रं लिहिली तेव्हा यातलं काही नव्हतं. १ करिंथ ११:१ हे वाक्य खरं तर दहाव्या अध्यायाचा शेवट आहे. अध्याय संपला म्हणून थांबलात तर पौल कोणत्या बाबतीत ‘माझं अनुकरण करा’ म्हणतोय तेच निसटतं.

आता दुसरा प्रश्न. प्रार्थना कशी करावी असं धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांना त्यांच्या न्हाव्याने, पेत्रने, विचारलं होतं. १५३५ साली ल्यूथरनी त्याला लेखी उत्तर दिलं. त्यातली पद्धत अजून कुणी सुधारली आहे असं मला वाटत नाही. एक आज्ञा किंवा एक वचन घ्यायचं आणि त्यातून चार पदर काढायचे: देव इथे मला काय शिकवतो, कशाबद्दल उपकार मानू, काय कबूल करू, काय मागू.

तुमचा विषय जीभ आहे, तर इफिस ४:२९ घेऊन बघू. पौलाच्या म्हणण्याचा आशय असा: कुजकं बोलणं तोंडातून निघू नये, गरजेप्रमाणे उन्नतीला उपयोगी पडेल तेच निघावं, म्हणजे ऐकणाऱ्याला कृपा मिळेल.

शिकवण: इथे कसोट्या तीन आहेत आणि ‘खरं आहे का’ ही त्यात नाही. खरेपणा चार वचनं आधीच, २५व्या वचनात, सांगून झालाय. म्हणजे बोलणं खरं असूनही या वचनात नापास होऊ शकतं. ‘गरजेप्रमाणे’ या शब्दावर थांबा. कुणाची गरज? ऐकणाऱ्याची. मला बोलून मोकळं व्हायचंय, ही गरज इथे धरलेली नाही.

उपकारस्तुती: गेल्या दोन दिवसांत कुणाच्या शब्दाने उभारी आली, त्याचं नाव घेऊन आभार माना. नाव आठवत नसेल तर तिथेच दोन मिनिटं थांबा, पुढे जाऊ नका.

पापकबुली: ‘प्रभू, माझी जीभ आवरत नाही’ हे वाक्य इतकं गुळगुळीत आहे की त्याचा काही उपयोग होत नाही. ‘काल अमक्याला चारचौघांत टोमणा मारला. मुद्दा खरा होता, पण तो एकट्याला सांगता आला असता. मला बाकीच्यांना हसवायचं होतं.’ ही कबुली. तिच्यात प्रसंग आहे, माणूस आहे आणि आतला हेतू आहे.

विनंती: ‘मला प्रेमळ कर’ नको. आज तो माणूस कुठे, किती वाजता भेटणार आहे ते देवासमोर बोला आणि त्या दहा मिनिटांसाठी मागा.

तिसरा प्रश्न याच उताऱ्यात सुटतो. २५ ते ३२ ही वचनं शेजारी शेजारी ठेवून बघा. पौल नुसतं ‘सोडा’ म्हणत नाही. लबाडी सोडा, खरं बोला, कारण आपण एकमेकांचे अवयव आहोत. चोरी सोडा, हातांनी कष्ट करा, म्हणजे गरजवंताला द्यायला काही असेल. कडवटपणा सोडा, क्षमा करा, कारण देवाने ख्रिस्तामध्ये तुम्हाला क्षमा केली. सोडायचं काय, त्या जागी करायचं काय आणि कशासाठी, हे तीन भाग बहुतेक ठिकाणी सापडतात. चोराने चोरी थांबवली एवढ्याने पौलाचं समाधान होत नाही, तो देणारा झाला पाहिजे. आपण बहुतेक वेळा पहिल्याच भागावर थांबतो. ‘आज रागावणार नाही’ असं ठरवतो, पण राग आला की त्या जागी काय करायचं हे ठरलेलंच नसतं, मग सवयीचं तेच होतं.

म्हणून वहीत एक ओळ लिहा, आणि ती संध्याकाळी ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ असं उत्तर देता येईल अशी असू द्या. ‘त्याची चूक दिसली तर लोकांसमोर गप्प राहीन आणि नंतर एकट्याला, आधी एक प्रश्न विचारून, सांगेन.’ अशी एक कृती आठवडाभर पुरते. रोज नवी कृती काढू नका. सात दिवसांत सात संकल्प झाले की एकही धड होत नाही.

---

संदर्भ आधी

वरच्या उत्तराशी सहमत. फक्त थोडकी वचनं निवडायची म्हटली की एक धोका वाढतो, तो सांगतो.

यिर्मया २९:११ भिंतीवर लावलेलं दिसतं: देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत. हा अध्याय म्हणजे बाबेलला बंदी करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं पत्र. आता दहावं वचन वाचा. ही सुटका बाबेलची ७० वर्षं भरल्यावर आहे. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बरेचजण ती बघायला जगणार नव्हते. त्यांना पाचव्या ते सातव्या वचनात सांगितलंय की घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा आणि ज्या नगरात बंदी म्हणून आलात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. त्या उताऱ्यातून आज्ञा काढायची तर ती ही आहे. अकरावं वचन नोकरीच्या मुलाखतीआधीचा दिलासा म्हणून वापरलं आणि नोकरी नाही मिळाली, तर माणूस देवावर रुसतो. देवाने दिलंच नव्हतं असं आश्वासन मोडल्याचा तो रुसवा असतो.

फिलिप्पै ४:१३चंही तेच. ‘मी सर्वकाही करू शकतो’ याआधीच्या दोन वचनांत पौल भरल्या पोटाबद्दल आणि उपाशीपणाबद्दल बोलतोय. ‘सर्वकाही’ म्हणजे दोन्ही अवस्थांत समाधानी राहणं. मत्तय १८:२०, दोघे-तिघे जमलेले, हे तर १५ ते १७ वचनांतल्या, चुकलेल्या भावाला समज देण्याच्या पायऱ्यांनंतर येतं. उपासनेला माणसं कमी आली म्हणून समजूत घालायला ते वाक्य लिहिलेलं नाही.

वाचताना तीन गोष्टी तपासा. कोण कुणाला बोलतोय? आधीची आणि नंतरची दहा वचनं काय म्हणतात? ही आज्ञा आहे, आश्वासन आहे की फक्त घडलेल्या गोष्टीची नोंद आहे? तिसऱ्यावर जास्त लोक अडखळतात. शास्ते ६मध्ये गिदोनाने लढाईआधी लोकर ठेवून देवाकडे खूण मागितली ही नोंद आहे. ती पद्धत म्हणून उचलणाऱ्यांनी १४ आणि १६ ही वचनं बघावीत. देवाचा स्पष्ट शब्द त्याला आधीच मिळाला होता. लोकर ज्ञान मिळवण्यासाठी नव्हती, भीतीपोटी होती. देवाने ती सोसली, एवढंच.

नीतिसूत्रे वाचताना आणखी एक. २६:४ म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि २६:५ म्हणतं दे. दोन्ही शेजारी मुद्दाम ठेवलीत. सूत्र म्हणजे हमखास फळाची हमी नव्हे. कुठलं सूत्र कुठल्या वेळी लागू हे ओळखणं हीच तिथली शहाणपणाची परीक्षा. मुलांना वळण लावण्याबद्दलचं २२:६ हमी म्हणून वाचलं की मूल भरकटलेल्या प्रत्येक आईबापावर दोष लादला जातो. मंडळीत हे फार होतं आणि ते थांबायला हवं.

---

सायंप्रार्थना

कॅथलिक बाजूने थोडी भर घालते.

तुम्ही सकाळचं विचारलंत, पण वागण्यात बदल बहुधा संध्याकाळच्या दहा मिनिटांत पक्का होतो. सकाळी ठरवलेलं संध्याकाळी कुणी विचारत नाही, म्हणून ते विरतं.

संत इग्नाशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात घालून दिलेली विवेकपरीक्षा पाच पायऱ्यांची आहे: मिळालेल्या दानांबद्दल देवाचे आभार, स्वतःचे दोष दिसावेत म्हणून कृपेची मागणी, उठल्यापासूनचा दिवस तासातासाने पाहणं (विचार, शब्द, कृती), क्षमायाचना, आणि उद्यासाठी सुधारणेचा निश्चय. क्रम बदलू नका. आभाराआधी दोष शोधायला बसलं की दहा मिनिटं स्वतःला झोडपण्यातच जातात.

एकाच दोषासाठी त्यांची आणखी नेमकी रीत आहे आणि जिभेला ती चपखल बसते. सकाळी उठताच त्या एका दोषाबद्दल सावध राहायचं ठरवायचं. दोष घडला की तिथल्या तिथे छातीला हात लावायचा. चारचौघांतही हे कुणाच्या लक्षात येत नाही. मग दुपारी जेवणानंतर आणि रात्री जेवणानंतर हिशेब घ्यायचा. कागदावर रोजच्या दोन रेघा, एक दुपारची आणि एक रात्रीची, आणि जितक्या वेळा चुकलं तितके ठिपके. रात्रीची रेघ दुपारच्या रेघेशी ताडायची, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा गेल्या आठवड्याशी. ठिपके कुठल्या वेळी दाटतात हे आठवडाभरात दिसतं. भुकेच्या वेळी, ठरावीक माणसासमोर, की फोनवर? मग प्रार्थना त्या वेळेसाठी करता येते.

एक इशारा मात्र हवा. ज्यांना बारीकसारीक गोष्टीत पाप दिसत राहतं, एकदा कबूल केलेलं पुन्हा पुन्हा कबूल करावंसं वाटतं, त्यांनी ठिपक्यांची पद्धत अजिबात वापरू नये. अशांनी एकाच धर्मगुरूकडे जावं आणि ते सांगतील तेवढ्यावर थांबावं.

वाचनाचं म्हणाल तर बाराव्या शतकातले कार्थुसियन संन्यासी दुसरे गीगो यांनी शिडीच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि चौथी देवाजवळ नुसतं असणं. बिरुयाकरांनी ल्यूथरचं सांगितलं त्याच्याशी हे बरंच जुळतं. फरक चौथ्या पायरीचा. मागून झाल्यावर लगेच उठायचं नाही, दोन-तीन मिनिटं काही न बोलता बसायचं. काही ‘जाणवलं’ पाहिजे अशी अट नाही.

जाता जाता: जुन्या लॅटिन परंपरेतल्या प्रार्थनापुस्तकांत स्तोत्रांचे आकडे बहुतेक ठिकाणी एकाने मागे असतात. पश्चात्तापाचं ५१वं स्तोत्र तिथे ५०वं. दोन पंथांची माणसं एकत्र प्रार्थना करताना यात गडबड होते, म्हणून स्तोत्राची पहिली ओळ सांगावी.

---

मोहरीचा दाणा

मनापासून आभार. ठिपक्यांची रीत आजच सुरू करतो. अजून दोन शंका. मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायच्या प्रार्थनेची यादी लांबत गेली आहे, नावं नुसती वाचली जातात. आणि एकाच गोष्टीसाठी वारंवार मागणं हा अविश्वास, असं एका ठिकाणी ऐकलं. मग मागायचं थांबवू का?

---

नहेम्या २:४

दुसरी शंका आधी, कारण तिचं उत्तर सोपं आहे. गेथशेमाने बागेत येशूने तीन वेळा प्रार्थना केली, आणि मत्तय २६:४४ स्पष्ट म्हणतं की तिसऱ्यांदाही शब्द तेच होते. पौलाने शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून तीन वेळा विनवलं (२ करिंथ १२:८). लूक १८मधली विधवा तर न्यायाधीशाची पाठच सोडत नाही. मत्तय ६:७मध्ये येशू नाकारतो ती वेगळी गोष्ट आहे: पुष्कळ बोललं म्हणजे देव ऐकतो ही समजूत. शब्दांच्या संख्येवर भिस्त ठेवू नका, मागत राहा.

आता यादी. यादी रोज पूर्ण वाचायची नसते, वाटून घ्यायची असते. घरचे आणि अगदी जवळचे पाच-सात जण रोज. बाकी सहा वारांत विभागा, एका वाराला सहा ते आठ नावं, त्याहून जास्त नकोत. प्रत्येक नावापुढे तारीख आणि एक विशिष्ट मागणी लिहा. तीन महिन्यांनी पाहणी करा: उत्तर मिळालं त्याची नोंद आणि उपकारस्तुती, मागणी बदलली असेल तर नवी, आणि ज्या नावाचं नेमकं काय चाललंय तेच ठाऊक नाही त्याला फोन. हा फोनही मध्यस्थीचाच भाग आहे. माणसाची चौकशी न करता त्याच्यासाठी वर्षभर ‘आशीर्वाद दे’ म्हणत राहिलं की प्रार्थना पोकळ होते, यादी कितीही लांब असो.

काय मागायचं सुचत नसेल तर पौलाच्या प्रार्थना घ्या आणि ‘तुम्ही’च्या जागी नाव घाला: फिलिप्पै १:९-११, कलस्सै १:९-१२, इफिस ३:१४-२१. कलस्सैची प्रार्थना तर त्याने प्रत्यक्ष न भेटलेल्या लोकांसाठी केलीय (२:१). या तिन्ही ठिकाणी परिस्थिती बदलण्याची मागणी जवळपास नाहीच. विवेक, सहनशक्ती, प्रेमाची समज हे मागितलंय. आपल्या यादीत प्रमाण नेमकं उलटं असतं: आजार, नोकरी, परीक्षा, प्रवास. हे मागूच नये असं नाही. रोम १५:३०-३२मध्ये पौल स्वतः सुरक्षिततेसाठी आणि प्रवासासाठी प्रार्थना मागतो. पण आजारी माणसासाठी बरं होणं मागताना, आजारात त्याची आशा खचू नये हेही मागावं.

माझ्या नावातल्या वचनाबद्दल लोक विचारतात म्हणून एक आडवळण. नहेम्या पारसाच्या राजाचा प्यालेबरदार. राजा विचारतो, ‘तुला काय हवंय?’, आणि नहेम्या उत्तर देण्याआधी स्वर्गातल्या देवाची प्रार्थना करतो. एका श्वासात होणारी प्रार्थना. दिवसभरात वादाच्या तोंडाशी जी लागते ती हीच. पण तिच्यामागे किती काळ आहे ते बघा. पहिल्या अध्यायात किसलेव महिना, दुसऱ्यात निसान, म्हणजे मधे साधारण चार महिने उपास आणि प्रार्थना. शिवाय राजाने विचारताच तो मुदत सांगतो, अधिकाऱ्यांना पत्रं मागतो, लाकूड किती कामांसाठी लागणार तेही सांगतो. प्रार्थनेच्या त्या महिन्यांत त्याने तयारीही केली होती हे उघड आहे. काहींना वाटतं, तयारी करणं म्हणजे देवावर भरवसा नसणं. नहेम्याच्या पुस्तकात ही दोन कामं कुठेच एकमेकांविरुद्ध उभी राहत नाहीत. ४:९मध्येही तेच, प्रार्थना केली आणि पहारा बसवला.

मन भटकतं त्यावर दोनच उपाय लागू पडतात. मोठ्याने, निदान पुटपुटत प्रार्थना करा. आणि शेजारी कागद ठेवा. आठवलेलं काम त्यावर लिहून मोकळे व्हा. तेच तेच आठवत असेल तर तीच गोष्ट प्रार्थनेत घ्या. बहुधा ती चिंता असते, आणि फिलिप्पै ४:६ तिलाच मागणीत बदलायला सांगतं, तेही आभारासह.

---

संदर्भ आधी

वरच्यात एक जोडतो. बरीच वर्षं उत्तर नसेल तर काय, हे कुणी विचारलं नाही, पण यादी चालवणाऱ्या प्रत्येकाला तिथे यावं लागतं.

१३वं स्तोत्र घ्या, सहाच वचनं आहेत. पहिली दोन तक्रारीची: कोठवर विसरणार, कोठवर मुख लपवणार? पुढची दोन मागणीची, कारणासकट. शेवटची दोन भरवशाची. तुमची अडचण पहिल्या भागात स्वतःच्या शब्दांत घाला, मग मागणी, मग भरवसा. भरवशाचा भाग मनातून येत नसेल तर फक्त वाचा. आणि तेवढंही जमत नसेल तर ८८वं स्तोत्र आहे. ते अंधारात संपतं, शेवटी उजेडाची एकही ओळ नाही, तरी ते प्रार्थना म्हणून शास्त्रात आहे. दुःखात असलेल्या माणसाला घाईघाईने उपकारस्तुती करायला लावणाऱ्यांनी ते मोठ्याने वाचावं.

पौलाच्या तीन विनवण्यांना मिळालेलं उत्तर ‘नाही’ होतं, कृपा पुरे या शब्दांत. येशूने वधस्तंभावर २२व्या स्तोत्राची पहिली ओळ म्हटली. म्हणून न मिळालेल्या उत्तराचं खापर माणसाच्या विश्वासावर फोडू नये. आणि आजारपण असेल तर याकोब ५:१४प्रमाणे मंडळीच्या वडिलांना बोलवा, औषधंही चालू ठेवा. दोन्हींत विरोध नाही.

---

बिरुयाकर

मूळ प्रश्नात वादाचा उल्लेख होता. जीभ आवरायची म्हटलं की मागचं शिल्लक राहतंच, ज्यांना आधीच दुखावलंय किंवा ज्यांनी आपल्याला दुखावलंय ते. हे बाजूला ठेवून ठिपके कमी होत नाहीत.

प्रभूची प्रार्थना (मत्तय ६:९-१३) शिकवून झाल्यावर येशू तिच्यातल्या एकाच मागणीवर पुन्हा बोलतो, क्षमेच्या. १४ आणि १५ ही वचनं बघा. भाकरीवर नाही, परीक्षेवर नाही. मार्क ११:२५ही तेच म्हणतो, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा आधी क्षमा करा.

तुम्ही दुखावलं असेल तर मत्तय ५:२३-२४. वेदीसमोर अर्पण ठेवून आधी जायचं. जाताना वाक्य आधी ठरवा: ‘मी अमुक दिवशी अमुक बोललो. ते चुकीचं होतं. मला क्षमा कर.’ ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ हे शब्द वगळा, कारण ते दोष ऐकणाऱ्याच्या भावनेवर ढकलतात. ‘पण तूही’ हेही वगळा. समोरचा लगेच क्षमा करेल अशी अपेक्षा घेऊन जाऊ नका. तुमचा हिस्सा जाण्याचा आहे.

तुम्हाला दुखावलं असेल तर मत्तय १८:२१-३५. राजाने ज्याचं प्रचंड कर्ज माफ केलं तो चाकर आपल्या सोबत्याचं त्याहून कमी कर्ज सोडत नाही, असा हा दाखला. त्यातले आकडे सहसा कुणी मांडून बघत नाही. दहा हजार तलांत आणि शंभर दीनार. एक तलांत साधारण ६,००० दीनार, म्हणजे पहिलं कर्ज दुसऱ्याच्या सहा लाख पट. पण दुसरं कर्ज क्षुल्लक होतं असं नाही. दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी (मत्तय २०:२), म्हणजे शंभर दिवसांचे कष्ट. येशू तुमचं नुकसान खोटं ठरवत नाही. ‘जाऊ दे, काही नाही झालं’ ही क्षमा नव्हे. आधी किती देणं होतं ते नीट मांडायचं, प्रार्थनेत, नाव घेऊन, आणि मग ते वसूल न करण्याचं ठरवायचं. वसुली म्हणजे काय तेही लिहा: टोमणे, मागे निंदा, अबोला, चूक उगाळणं. यातलं कुठलं थांबवणार ते ठरलं की क्षमेला हातपाय फुटतात. आठवण पुन्हा आली म्हणजे क्षमा झालीच नव्हती असं नाही. तोच निर्णय पुन्हा देवासमोर म्हणायचा.

आणि जिथे मारहाण, छळ, लैंगिक अत्याचार आहे तिथे क्षमेच्या नावाखाली गप्प बसवणं हे वचनाचा गैरवापर आहे. रोम १३:४ शासनाला त्याच कामासाठी नेमलेलं म्हणतं. आधी सुरक्षित जागी जा, तक्रार करा. मनातली क्षमा आणि पुन्हा त्याच घरात परतणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा आग्रह पीडिताकडे कुणीही धरू नये.

---

मोहरीचा दाणा

हे सगळं छापून वहीत लावतोय. शेवटचं एक: तक्त्याप्रमाणे सध्या जुन्या करारातलं लेवीय चालू आहे आणि गाडी तिथेच रुतली आहे. सोडून नव्या करारावर जाऊ का?

---

सायंप्रार्थना

जा, पण त्याआधी अध्याय १९ तेवढा थांबून वाचा. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा, जी येशूने दुसरी मोठी आज्ञा म्हणून सांगितली, ती इथल्या १८व्या वचनातली आहे. तिच्या आधीची वचनं बघा: शेताचा कडेचा भाग गरिबांसाठी ठेवा, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका, बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, चहाड्या करत फिरू नका, मनात द्वेष धरू नका तर शेजाऱ्याला तोंडावर समज द्या. मग याकोबाचं पत्र काढा. २:८मध्ये तीच आज्ञा, ५:४मध्ये अडवून ठेवलेली मजुरी. तुमचा पाठ असलेला तिसरा अध्याय या दोहोंच्या मधे आहे. लेवीय १९:१६-१८ ही तीन वचनं या आठवड्याला घ्या, आणि १७वं आधी. ठिपके मोजताना न बोललेलंही मोजायचं असतं, हे त्यात आहे.